कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या



आजचा लेख संगणकाचा आहे, पण फक्त संगणक शिकवणाऱ्यांसाठी नाही. लिनक्सच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर कसं घालायचं, एवढाच तसा विषय. मला मात्र बोलायचं आहे ते नवशिक्याला आपण मदत कशी करतो, यावर. सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझा एक माजी विद्यार्थी, डिप्लोमाला शिकणारा, रविवारी सकाळी हातकणंगल्यात माझ्या घरी आला. काखेत जुना लॅपटॉप. त्यावर लिनक्स मिंट होतं, आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी त्याला व्हर्च्युअलबॉक्स हवं होतं. "सर, दोन दिवस झाले खटपट करतोय, जमंना. तेवढं घालून द्या की." मला अकराला एका लग्नाला निघायचं होतं. मी म्हटलं, "आण इकडं." लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि पंधरा मिनिटांत सॉफ्टवेअर घातलं, व्हर्च्युअल मशीन तयार केलं, त्यात दुसरं लिनक्स बसवायला लावून दिलं. चप्पल घालता घालता सांगितलं, "मध्ये काही विचारलंच तर वाय दाब आणि पुढं जा."

पोरगा खूष. "लई भारी सर, पंधरा मिनिटांत!" मीही खूष. आपल्याला येतं याचा एक आनंद असतोच.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. आवाज पडलेला. "सर, त्यात थोरलीच्या लग्नाचं फोटू हुतं वो. आणि दुधाचा सगळा हिशेब. काहीच दिसंना झालंय."

झालं होतं असं. प्रॅक्टिकलमध्ये डिस्कचे भाग पाडून फॉरमॅट करायला शिकवलं होतं. घरी सराव करताना पोराने फॉरमॅटची आज्ञा दिली, पण व्हर्च्युअल मशीनच्या टर्मिनलमध्ये नाही, तर बाहेरच्या, खऱ्या लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये. दोन्ही खिडक्या काळ्या, दोन्हीत डिस्कचं नाव एकच, एसडीए. सरावाच्या डिस्कचा तिसरा भाग मोकळा होता. खऱ्या डिस्कच्या तिसऱ्या भागात घरचे फोटो आणि हिशेब होते. संगणकाने विचारलंसुद्धा की या भागात आधीचं काहीतरी आहे, तरीही पुढे जायचं का? पोराने वाय दाबलं. कारण सरांनी सांगितलं होतं.

फोटोरेक नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. त्याने आम्ही चार दिवस डिस्क चाळली. बरेच फोटो परत मिळाले, पण नावं-तारखा गेलेले, हजारो फायलींच्या ढिगात. दुधाचा हिशेब काही मिळाला नाही. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. वडील म्हणाले, "जाऊ द्या सर, तुम्ही मुद्दाम केलंय व्हय." त्यांनी तसं म्हटल्यावर मला जास्तच लागलं.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालंय, तेच आज मांडतो. नवशिक्याच्या हातातून कीबोर्ड काढून घेणं म्हणजे मदत नव्हे. यंत्र चालू होतं, पण माणूस होता तिथेच राहतो. वर त्याला वाटतं की आपल्याला आता येतंय, आणि तेच जास्त धोक्याचं.

आधी विचारा: कशाला पाहिजे?

या वर्षी तसाच प्रसंग पुन्हा आला. इचलकरंजीत बीसीएच्या पहिल्या वर्षाला असलेली माझी एक माजी विद्यार्थिनी. वडील मागावर कामाला. लॅपटॉप जुना घेतलेला, आठ जीबी रॅमचा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नव्हतं, म्हणून मामेभावाने त्यावर उबुंटू घालून दिलं होतं. आपल्या तालुक्यात असे लॅपटॉप आता घरोघरी निघतील. यंत्र धडधाकट, पण विंडोजच्या लेखी म्हातारं. त्यामुळे हा प्रश्न उद्या तुमच्याही दारात येणार आहे, हे लक्षात असू द्या.

तिचा फोन आला, "सर, व्हर्च्युअलबॉक्स कसं घालायचं?" जुना मी असतो तर लगेच आज्ञा सांगायला लागलो असतो. या वेळी विचारलं, "कशाला पाहिजे गं?" ती गप्प. मग म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय म्हणून." "मॅडमनी कशाला सांगितलं असेल?" पुन्हा गप्प.

इथे घाई करू नये. ज्याला 'कशाला' माहीत नाही, त्याला 'कसं' सांगितलं तर तो ते पाठ करतो. म्हणून तिला आधी एवढंच सांगितलं. शाळेत आपल्याकडे दोन वह्या असायच्या, एक पक्की आणि एक रफ. गणित चुकलं, खाडाखोड झाली, पान फाटलं तरी रफ वहीत चालायचं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाची रफ वही. खऱ्या संगणकाच्या आत, त्याचीच थोडी रॅम आणि थोडी डिस्क वापरून, दुसरा संगणक असल्याचा देखावा उभा करायचा. आतल्या संगणकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत. तिथे काहीही मोडलं तरी पक्की वही शाबूत राहते.

शेतकरी पालकांना मी वेगळं उदाहरण देतो. उसाचं नवं बेणं आणलं की कुणी पहिल्याच वर्षी सगळ्या रानात लावत नाही. दोन सऱ्यांत लावून बघतो. त्या दोन सऱ्या म्हणजे व्हर्च्युअल मशीन.

ही कल्पना काही आजची नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच एका मोठ्या संगणकात अनेक 'संगणक' चालवून दाखवले आणि १९७२ मध्ये व्हीएम ३७० नावाने ते बाजारात आणलं. तेव्हा संगणक इतका महाग होता की एकट्याला एक देणं परवडायचं नाही, म्हणून वाटून घ्यायची ही युक्ती. व्हर्च्युअलबॉक्स जर्मनीतल्या इनोटेक कंपनीचं. २००७ च्या जानेवारीत ते मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुलं झालं, पुढच्या वर्षी सन कंपनीने ती कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. त्याच २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, केव्हीएम नावाची स्वतःची सोय आली. म्हणजे लिनक्सवाल्याला दोन रस्ते आहेत, आणि हेही नवशिक्याला सांगायला हवं. साधा एकच आतला संगणक चालवायचा असेल, तर केव्हीएमवर चालणारं बॉक्सेस नावाचं सॉफ्टवेअर सोपं पडतं. तिच्या कॉलेजच्या जर्नलात मात्र व्हर्च्युअलबॉक्सचीच चित्रं होती. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पडदा जुळणं नवख्याला फार आधाराचं असतं, म्हणून आम्ही तेच निवडलं.

हात पाठीमागे बांधून

शनिवारी दुपारी ती एसटीने लॅपटॉप घेऊन आली. मी तिला टेबलाशी बसवलं, स्वतः शेजारी खुर्ची घेतली आणि सांगून टाकलं, "मी आज कीबोर्डला हात लावणार नाही. मी विसरलो तर तूच मला आठवण कर." तिला हसू आलं. त्या दुपारी तिने मला दोनदा आठवण करून दिली.

पहिलं काम, यंत्र बघणं. रॅम किती, डिस्क किती मोकळी, प्रोसेसरला ही सोय आहे का. उबुंटूत टर्मिनल उघडून 'फ्री', 'डीएफ' आणि 'एलएससीपीयू' या तीन छोट्या आज्ञांनी हे कळतं. तिने स्वतः वाचलं आणि कागदावर लिहिलं: रॅम आठ जीबी, डिस्क नव्वद जीबी मोकळी. मग मी विचारलं, "आतल्या संगणकाला किती रॅम द्यायची?" ती म्हणाली, "सहा देऊ या, फास्ट चालेल." मी म्हटलं, "मग बाहेरच्याला किती उरली?" तिने बोटांवर मोजलं आणि स्वतःच म्हणाली, "दोन. मग बाहेरचा अडकला तर आतला पण अडकणार." बरोबर. आम्ही तीन जीबी ठरवली. लॅपटॉपला चारच जीबी रॅम असती, तर मी तिला स्पष्ट सांगितलं असतं की हा नाद सोड आणि कॉलेजच्या लॅबमध्ये सराव कर. खोटी आशा लावू नये.

मग सॉफ्टवेअर घालणं. उबुंटू आणि मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स त्यांच्या स्वतःच्या भांडारात मिळतं. टर्मिनलमध्ये आधी 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हर्च्युअलबॉक्स', म्हणजे काम झालं. अर्थात टाईप करायचं ते इंग्रजी लहान लिपीत. तेच सॉफ्टवेअर ओरॅकलच्या स्वतःच्या साइटवरूनही मिळतं आणि तिथली आवृत्ती बहुधा नवी असते. पण दोन्हीकडून थोडं थोडं घालू नका, एकच वाट धरा. डेबियन वापरणाऱ्याला मात्र त्याच्या स्थिर आवृत्तीच्या भांडारात हे सापडणार नाही. उबुंटूसाठी लिहिलेली आज्ञा तिथे चालत नाही, आणि 'मलाच जमत नाही' असं वाटून पोरं उगाच खचतात.

आज्ञा देण्याआधी मी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला. 'सुडो' म्हणजे मालकाच्या अधिकाराने करतोय. 'एपीटी' म्हणजे भांडारातून माल आणणारा. 'अपडेट' म्हणजे मालाची यादी ताजी करणं. 'इन्स्टॉल' म्हणजे आणून बसवणं. पाच मिनिटं गेली. पण नंतर कुठल्याही आज्ञेच्या सुरुवातीला 'सुडो' दिसलं की ती थांबून वाचायला लागली. त्या पोराला ही पाच मिनिटं मी दिली असती तर दुधाचा हिशेब राहिला असता.

तीन जागा, जिथे नवशिक्या अडखळतोच

पहिली जागा पासवर्डची. सुडो म्हटलं की पासवर्ड विचारतो आणि तिच्या उबुंटूवर टाईप करताना पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. टिंबंसुद्धा नाहीत. ती म्हणाली, "सर, कीबोर्ड बंद पडला." आपल्याला हे इतकं सवयीचं असतं की सांगायचं राहूनच जातं. असं का, तर मागे उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड किती अक्षरांचा आहे तेही कळू नये म्हणून. हे सांगितल्यावर तिने मागे वळून पाहिलं, मी खरंच मागून बघत होतो. दोघंही हसलो.

दुसरी जागा निळ्या पडद्याची. बऱ्याच नोकऱ्या इथेच फसतात. व्हर्च्युअलबॉक्सला चालायला कर्नलमध्ये स्वतःचा एक तुकडा, म्हणजे ड्रायव्हर, घालावा लागतो. लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असेल, तर ओळखीची सही नसलेला तुकडा तो आत घेत नाही. म्हणून सॉफ्टवेअर घालतानाच उबुंटू एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढे लॅपटॉप बंद-चालू केला की निळा पडदा येतो, आणि दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबून 'एन्रोल मॉक' निवडायचं, पुढे चालू ठेवायचं, होय म्हणायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. एवढं केलं की सही नोंदली जाते. दहा सेकंद वाट पाहूनही कुणी काही दाबलं नाही, तर पडदा निघून जातो, लिनक्स नेहमीसारखं चालू होतं आणि व्हर्च्युअल मशीन सुरू करताना 'कर्नल ड्रायव्हर नाही' असा संदेश येतो. पोरं मग चार-चार वेळा सॉफ्टवेअर काढतात आणि घालतात. दोष सॉफ्टवेअरचा नसतोच, फक्त दारावरच्या माणसाला ओळख सांगायची राहिलेली असते.

तिला हे मी आधीच सांगायचं की घडू द्यायचं? मी मधला मार्ग घेतला. म्हटलं, "चालू करताना एक निळा पडदा येईल. घाबरू नकोस, पण नजर हलवू नकोस." पडदा आला. तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली, इंग्रजी अडलं तिथे विचारलं, आणि स्वतः नोंद केली.

तिसरी जागा बायोसची. प्रोसेसरमध्ये सोय असते, पण कारखान्यातूनच ती बंद करून आलेली असते. मग 'व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे' असा संदेश येतो. लॅपटॉप चालू होताना एफ-टू, एफ-टेन किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून आत जायचं आणि 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' चालू करायची. एएमडीच्या प्रोसेसरवर हेच 'एसव्हीएम' नावाने असतं. बाकी काहीही न बदलता, बदल साठवून बाहेर यायचं. तिच्या लॅपटॉपवर हे बंदच होतं. बायोसचा पडदा बघून ती म्हणाली, "सर, इथं काय बिघडलं तर?" मी म्हटलं, "आधी मोबाइलवर फोटो काढ. जसं होतं तसं परत करता येतं." तेव्हा कुठे तिने हात लावला.

नव्या कर्नलवर आणखी एक गंमत होते. केव्हीएम आधीच जागा धरून बसलेलं असतं आणि व्हर्च्युअलबॉक्स तक्रार करतं की आधी त्याला उठवा. संदेशात केव्हीएमचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचलं तर पुढचा रस्ता सापडतो, नाही वाचलं तर रात्र जाते.

एरर वाचायला शिकवणं हाच खरा पाठ

आपल्या पोरांना एरर आली की पहिला हात खिडकी बंद करण्याकडे जातो. हे आपणच शिकवलंय. वर्गात चूक झाली की आपण खोडतो, ती वाचत नाही. त्यात संदेश इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या पोराला वाटतं, हे आपल्यासाठी लिहिलेलंच नाही.

मी आता एक नियम केलाय. एरर आली की खिडकी बंद करायची नाही. मोठ्याने वाचायची, कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायची. बहुतेक संदेशांत कळीचे शब्द दोन-तीनच असतात: काय सापडलं नाही, काय बंद आहे, कशाची परवानगी नाही. तेवढे कळले की अर्धं काम होतं. बाकी अर्धं शोधता येतं.

या कामी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मला फार उपयोगी वाटतो. लिनक्सपासून अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे पाठ तिथे मराठी आवाजातही आहेत. त्यांची पद्धत बघा. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला आपलं सॉफ्टवेअर. ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करायचं. सांगणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याचा हात आपल्या कीबोर्डपर्यंत पोचत नाही. म्हणूनच ती पद्धत चालते.

केरळच्या सरकारी शाळांनी गेल्या वीस वर्षांत लिनक्स असंच रुजवलं. संगणकांबरोबर त्यांनी शिक्षकांना तयार केलं. आपल्याकडेही काही नाही असं नाही. अकरावीच्या वाणिज्य शाखेच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात जीएनयूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर आलेलं आहे. पुस्तक आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. कमी पडतो तो शेजारी बसणारा माणूस, ज्याला घाई नाही.

"एवढा वेळ कुणाकडे आहे सर?"

हा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझाच होता. त्या शनिवारी अडीच तास गेले. माझ्या हाताने पंधरा मिनिटांचं काम. वर्गात पोरं साठ, तास पस्तीस मिनिटांचा, संगणक दहा, त्यातले तीन बंद. प्रत्येकाशेजारी अडीच तास बसायचं तर वर्ष पुरणार नाही. खरं आहे.

पण दोन गोष्टी सांगतो. एक, हे सगळ्यांसोबत करावं लागत नाही. वर्गात दोघा-तिघांना असं नीट शिकवलं की ते पुढच्यांना शिकवतात. फक्त त्यांनाही तोच नियम घालायचा: दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. हुशार पोरांना हा नियम फार जड जातो, आणि त्यांचाच त्यात जास्त फायदा होतो. ज्याला हात न लावता सांगता येतं, त्याला ते खरं समजलेलं असतं.

दोन, कधी कधी हात लावावाच लागतो. उद्या प्रॅक्टिकल आहे आणि पोरगं रडकुंडीला आलंय, तर घालून द्या बापडे. तिथे तत्त्व सांगत बसू नका. पण परीक्षा झाली की बोलवा, ते व्हर्च्युअल मशीन पुसा आणि त्याच्या हाताने पुन्हा करायला लावा. मी गेल्या वर्षी लग्नाला गेलो यात चूक नव्हती. पुढच्या रविवारी त्याला परत बोलावलं नाही, ही चूक होती.

आणि 'काही विचारलं तर वाय दाब' हे वाक्य तर कायमचं टाकून द्या. संगणक क्वचितच थांबून विचारतो. विचारतो तेव्हा काहीतरी जायचा धोका असतो.

दोन खिडक्या ओळखू येऊ द्या

त्या पोराच्या प्रसंगातून मी एक साधा उपाय शिकलो, तो सगळ्यांना सांगतो. आतल्या संगणकाला वेगळं नाव द्यायचं. तिने तिच्या आतल्या लिनक्सला नाव दिलं 'रफवही'. टर्मिनलच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते नाव दिसतं. शिवाय आतल्या टर्मिनलचा रंग गडद लाल करून टाकला. डिस्क, फॉरमॅट, पुसणं असली कुठलीही आज्ञा देण्याआधी नाव बघायचं: रफवही आहे ना? मगच एंटर.

दुसरा उपाय स्नॅपशॉटचा. आतलं लिनक्स नीट बसलं की व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा. पुढे काहीही मोडलं तरी त्या क्षणाला परत जाता येतं. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपची डिस्कच गेली तर दोन्ही जातात. घरचे फोटो आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर वेगळे ठेवायलाच हवेत. मी आता कुणाला काहीही घालून द्यायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारतो, "यात घरचं काय काय आहे?"

पालकांना माझी विनंती आहे ती इथेच. संगणक कसा चालतो हे तुम्हाला माहीत असायची गरज नाही. पण घरात एकच लॅपटॉप असेल आणि त्यावर पोरगं शिकत असेल, तर महिन्यातून एकदा घरचं सगळं पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा आणि घेतलंय का ते उघडून बघा. आणि पोराने लॅपटॉप बिघडवला म्हणून ओरडू नका. ओरडा बसला की पोरं बिघाड लपवतात, लपवलेला बिघाड वाढतो. गेल्या वर्षीच्या त्या पोरानेही चार दिवस वडिलांना सांगितलं नव्हतं. त्या चार दिवसांत त्या डिस्कवर आणखी फायली लिहिल्या गेल्या. लगेच सांगितलं असतं तर कदाचित जास्त काही परत मिळालं असतं.

शेवटी

संध्याकाळी सहाच्या सुमारास तिच्या पडद्यावर लिनक्सच्या आत दुसरं लिनक्स उभं राहिलं. माउस आतल्या खिडकीत अडकला तेव्हा उजवीकडचं कंट्रोल बटण दाबून तो सोडवायचं तिने स्वतःच शोधून काढलं, खाली कोपऱ्यात लिहिलेलं वाचून. सहाच्या गाडीला उशीर होईल म्हणून लॅपटॉप पिशवीत घातला आणि गेली.

आठ दिवसांनी रात्री नऊला फोन. "सर, मोडलं!" पण आवाजात काळजी नव्हती. डिस्कचे भाग पाडताना तिने आतलं लिनक्सच उडवलं होतं, चालूच होत नव्हतं. मी विचारलं, "मग आता?" म्हणाली, "आता काय, स्नॅपशॉटला परत गेले. पण कुठल्या आज्ञेनं उडालं ते मला कळलंय, तेवढं बरोबर आहे का सांगा." आणि तिने आज्ञा वाचून दाखवली. बरोबर होतं.

गेल्या वर्षीचा तो पोरगाही आता पुन्हा येतो. त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच हाताने, आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. त्याने आतल्या संगणकाचं नाव ठेवलंय 'दुधाचा हिशेब'. मी विचारलं, असं का? म्हणाला, "सर, नाव बघितलं की हात थांबतोय."

पुढच्या वेळी कुणी तुमच्याकडे यंत्र घेऊन येईल, तेव्हा खुर्ची त्याला द्या आणि तुम्ही शेजारी बसा.